कैरीचं कॉकटेल आणि नऊ माणसं

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे सांगताना गफलत होते. एक रविवार मात्र मला तासातासानं आठवतो. मी तेव्हा साताऱ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यातल्या कुणाचंही नाव मी इथं घेणार नाही. त्यातली बरीचशी माणसं अजून याच भागात राहतात.

मे महिना होता. गेल्या काही वर्षांत साताऱ्यात गच्चीवरची हॉटेलं निघाली आहेत. दिव्यांच्या माळा, कुंड्यांतली झाडं, पाण्याचे बारीक फवारे मारणारे पंखे आणि समोर अजिंक्यताऱ्याची काळी कड. दिवसभर तापलेलं गाव रात्री आठनंतर तिथं बसायला येतं. पूर्वी अशा मजेसाठी लोक पुण्याला जायचे. अशाच एका हॉटेलात लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला घेऊन गेलो होतो. तिला ते फार आवडलं. शेजारच्या टेबलावर मुली रंगीत पेले हातात घेऊन हसत होत्या आणि मी उगाचच ताठ बसलो होतो. "तुम्ही इथं ड्यूटीवर आलाय का?" असं बायकोनं विचारल्याचं आठवतं. त्या हॉटेलात त्या उन्हाळ्यात कैरीचं एक कॉकटेल फार चाललं होतं. त्यात कैरीचा गर, पुदिना, काळं मीठ आणि पांढरी रम असायची.

त्या रविवारी सकाळी आठ चाळीसला एका रुग्णालयाची वर्दी, म्हणजे लेखी खबर, ठाण्यात आली. पस्तिशीचा इंजिनिअर, रात्री मद्यप्राशन, पहाटेपासून उलट्या, डोकेदुखी, नजर अंधुक, विषबाधेचा संशय. खाली एक ओळ होती, 'सोबत एक मित्र होता, त्याचा फोन लागत नाही.'

मी त्या वेळी एका गावच्या यात्रेच्या बंदोबस्ताचे पॉइंट लावत होतो. ठाणे अंमलदारानं वर्दी समोर धरली. मी विचारलं, "किती प्यायला होता?"

"ते लिहिलेलं नाही, सर."

"रविवार सकाळच्या वर्द्या अशाच असतात. स्टेशन डायरीला नोंद घ्या. दुपारी कुणीतरी जबाबाला जाईल."

ती शेवटची ओळ मी वाचली होती. वाचली नव्हती असं म्हणायची सोय मला नाही.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्या रुग्णालयातल्या डॉक्टर बाईंनी थेट माझ्या मोबाइलवर फोन केला. आवाज शांत होता, पण घाई कळत होती.

"साहेब, दुसरा पेशंट आलाय. दुकानदार आहेत, पहिल्याशी ओळख नाही. दोघंही म्हणतात, समोर सगळं पांढरं दिसतंय, दाट धुक्यात उभं राहिल्यासारखं. दोघंही काल एकाच हॉटेलात होते. हे मिथेनॉल आहे असं मी धरून चालले आहे."

"म्हणजे विषारी दारू?"

"हो. आणि नीट ऐका. हे विष लगेच कळत नाही. कधी आठ तास, कधी अठरा तास माणूस ठीक असतो. डोकं दुखतं, पित्त झालंय असं वाटतं. मग एकदम नजर जाते, श्वास जातो. आत्ता जे घरात मजेत बसलेत, ते मला हवेत. वेळेत आले तर औषध आहे, डायलिसिस आहे. आणि त्या मित्राचं काय झालं? मी वर्दीत लिहिलं होतं."

मी फोन ठेवला आणि मोठ्यानं ठाणे अंमलदाराला हाक मारली. आवाज चिरकला, हे मलाच ऐकू आलं.

एक पथक मित्राच्या घरी धाडलं. तो एका कारखान्यात सुपरवायझर होता, त्याला बढती मिळाली म्हणून दोघं बसले होते. बायको दोन मुलांना घेऊन सुट्टीत सांगलीला माहेरी गेली होती. घरात तो एकटाच. दार आतून बंद. हाका मारून, शेजाऱ्यांना पंच म्हणून उभं करून कडी तोडली. तो मोरीच्या दाराशी पडला होता, श्वास घरघरत होता. गाडीत घालून त्याला रुग्णालयात नेलं तेव्हा अकरा वाजून गेले होते.

मी स्वतः हॉटेलवर गेलो. राज्य उत्पादन शुल्क विभागाला कळवलं, बाटल्यांना सील लावायला सुरुवात केली. हॉटेलचा मालक चाळिशीतला, बोलायला गोड. "साहेब, आमचा सगळा माल परवान्याचा आहे. लोक घरून पिऊन येतात आणि नाव आमचं घेतात."

भटारखान्यामागच्या खोलीत पत्र्याच्या कपाटाखाली एक निळा प्लास्टिकचा कॅन सापडला. लेबल खरवडून काढलं होतं. मालक म्हणाला, "फरशी पुसायचं लिक्विड आहे." मी सेवेच्या सुरुवातीला कुपवाडला तीन वर्षं काढली आहेत. तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्राचे सुटे भाग धुवायला जे स्पिरिट येतं ते असल्याच कॅनमध्ये येतं, आणि लेबल खरवडायची गरज फरशीच्या लिक्विडला कधी पडत नाही. मी कॅन पंचनाम्यात घेतला आणि मालकाला गाडीत बसवलं.

पण त्यानं माझा प्रश्न सुटत नव्हता. शनिवारी त्या गच्चीवर शंभरेक माणसं येऊन गेली होती. कॅनमधलं कशात गेलं, कधी गेलं आणि कुणाच्या पोटात गेलं? कॅमेऱ्याचं चित्रण होतं, पण अंधारात दिव्यांच्या माळांखाली सगळे चेहरे सारखेच. ज्यांनी मोबाइलवरून बिल दिलं होतं त्यांचे नंबर मिळाले. आम्ही फोन लावायला सुरुवात केली आणि तिथं मला माझ्या गावाची ओळख नव्यानं झाली.

"मी? काल? नाही हो, मी काल घरीच होतो."

"तो नंबर माझा आहे, पण बिल दुसऱ्या कुणाचं असेल."

एकानं तर "राँग नंबर" म्हणून फोनच बंद केला. मागून बायकांचे, आईवडिलांचे आवाज ऐकू येत होते. आम्ही सांगत होतो की तुमच्या जिवाला धोका आहे, आणि माणसं पोलिसांपेक्षा घरातल्यांना भीत होती. तो राँग नंबरवाला वीस मिनिटांनी एकटाच रुग्णालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि वॉचमनला म्हणाला, "इथं काल रात्रीचं काहीतरी तपासतात म्हणे." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की असं चालणार नाही. शंभर घरांत फोन करून शंभर खोटी उत्तरं गोळा करायला आमच्याकडे वेळ नव्हता. कोण काय प्यालं, ते सांगणारा एकच माणूस होता.

हॉटेलचा बारमन पंचेचाळिशीचा होता. माण तालुक्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वीस वर्षं मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत काढून, आईच्या आजारपणामुळे इकडे परतलेला. बारा वाजता तो माझ्यासमोर बसला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कापलेली नखं. हा माणूस आपल्या कामाचा मान ठेवणारा आहे, हे बघताक्षणी कळत होतं. अशा माणसाला दरडावून उपयोग नसतो. अपमान झाला की तो गप्प होतो.

"काल कोणत्या बाटलीतनं दिलंस?"

"सीलबंद बाटल्या हुत्या, साहेब. म्या सोता फोडल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"त्या निळ्या कॅनमधलं काय होतं?"

"कॅनशी माजा काय संबंध? ते मालकाचं कपाट हाय."

अर्धा तास हेच. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दर दोन मिनिटांनी नजर तिकडे जात होती. रुग्णालयातून निरोप आला, सुपरवायझरला कृत्रिम श्वासावर ठेवलंय. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, तुझा हाच जबाब आहे तर वाच आणि सही कर. जबाब लिहून घेणाऱ्या रायटरनं कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं कागद हातात घेतला. आधी लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. मग डाव्या हाताच्या बोटानं कागदाची कड चाचपली. तो म्हणाला, "साहेब, जरा ट्यूब लावा की. अंधारून आलंय."

मे महिन्यातली साडेबाराची वेळ. खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. ट्यूबही चालूच होती.

मी उठून त्याच्याजवळ गेलो. "तू काल काय प्यालास?"

"मी पीत न्हाई, साहेब. आईची आण."

"मग चव बघितलीस का?"

"चव बघतो की. दर गिलासाची. चमचाभर घिऊन. सवय हाय ती. न बघता गिऱ्हाइकाला कसं द्यायाचं?"

"समोर बघ. माझा चेहरा दिसतो?"

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे माझ्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी लागले होते. हळूहळू त्याचा चेहरा बदलला. पोलिसांची भीती त्या चेहऱ्यावर मी अर्धा तास बघत होतो. ही वेगळी होती.

"साहेब... म्हंजी मला बी?"

"हो. आणि ज्यांनी पेलाभर घेतलंय त्यांचं काय होईल, तूच सांग."

तो रडायला लागला. रडतच सगळं बाहेर आलं. शनिवारी गर्दी फार, साडेआठला पांढरी रम संपली. मालकानं आतून तीन बाटल्या आणून दिल्या. झाकणं आधीच उघडलेली. "त्याला इचारलं, सील कुठंय? म्हनला, तू तुझं काम कर."

"तुला काही कळलं नाही?"

"वास येत हुता." तो फार हळू बोलला. "निराळा वास. म्हनून कैरी वाढवली. काळं मीठ बी वाढवलं. मला वाटलं, हलका माल आसंल. इष आसंल असं न्हाई वाटलं, साहेब. पर वास येत हुता."

हे वाक्य मी त्याच्याच शब्दांत जबाबात घेतलं. पुढे ते त्याच्याविरुद्ध जाणार, हे मला माहीत होतं.

त्याला लगेच रुग्णालयात हलवलं. खाटेवर सलाईन लावलं आणि शेजारी मी व आमची महिला हवालदार वही घेऊन बसलो. नजर जात असलेला तो माणूस डोळे मिटून कालची सगळी गच्ची आम्हाला सांगत होता. नावं त्याला ठाऊक नव्हती, पण कोण कुठं बसलं आणि काय मागवलं ते पक्कं होतं. दोन नंबरला दोघं मित्र, बढतीची पार्टी. सात नंबरला दुकानदार आणि त्याची बायको, बायकोनं नुसता ज्यूस घेतला. कठड्यालगत तिघं जण, कपड्यांवरून पुण्याचे वाटत होते, मोबाइलवर बिल दिलं. साडेआठनंतर कैरीचे एकूण अकरा पेले गेले होते आणि दोघांनी दुसऱ्यांदा मागवलं होतं. म्हणजे नऊ माणसं.

पहिले तीन रुग्णालयात होतेच. कठड्यालगतचे तिघं आमच्या नंबरांच्या यादीत सापडले. त्यांतला एक तोच फाटकावरचा राँग नंबरवाला, आणि त्यानं उरलेल्या दोघांना बोलावून घेतलं. दोन वाजेपर्यंत सहा झाले. राहिले तीन.

"पाच नंबरला चौघी बायका हुत्या," बारमन म्हणाला. "पन्नाशीच्या आतबाहेर. तिघींनी कैरीचं घेतलं. चौथी गाडी चालवनार हुती, तिनं लिंबू सरबत घेतलं. लय हसत हुत्या, साहेब. एकीनं पयल्यांदाच घेतलं आसंल. मला बोलवून म्हनली, भाऊ, छान झालंय."

त्यांनी बिल रोख दिलं होतं. टेबल फोनवरून राखून ठेवताना खोटं नाव सांगितलं होतं. कॅमेऱ्यात येताना-जाताना चौघींच्या डोक्यावर स्कार्फ होते. आपण दिसू नये याची त्यांनी जी काळजी घेतली होती ती एखाद्या सराईत गुन्हेगारानंही घेतली नसती.

हवालदार बाईंनी विचारलं, "कशाची पार्टी होती? काही आणलं होतं बरोबर?"

"केक आणला हुता. भायेरनं."

"केकवर नाव?"

"नाव न्हवतं. 'नववी ब' लिवलं हुतं."

शाळेतल्या मैत्रिणी. आम्ही बेकऱ्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या बेकरीतल्या मुलीला ते आठवलं, कारण तिनंच दोनदा विचारून घेतलं होतं की 'नववी ब'च लिहायचं ना. पावतीवर मोबाइल नंबर होता. मी फोन लावणार, तेवढ्यात हवालदार बाईंनी माझा हात धरला. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

"सर, नवऱ्यानं उचलला तर? बाई नाहीच म्हणणार. मग आपल्याला बाकीच्या दोघीतिघी मिळायच्या नाहीत."

हवालदार बाई ठाण्यात जाऊन, गणवेश उतरवून साडी नेसून आल्या. नंबरवरून पत्ता काढला. ती बाई घरीच ब्लाऊज शिवायची. हवालदार बाई पिशवीत कापड घेऊन गिऱ्हाईक म्हणून गेल्या. मी गल्लीच्या टोकाला गाडीत बसलो. त्या दहा मिनिटांत मी शर्टाचं एक बटण पिरगाळून तोडलं, हे मला नंतर कळलं.

माप घेण्याच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेल्यावर हवालदार बाई हळूच म्हणाल्या, "ताई, काल कैरीचं कुणी कुणी घेतलं तेवढं सांगा. मी पोलीस आहे. तुमच्या नवऱ्याला काही कळणार नाही. पण त्या तिघींना आत्ता दवाखान्यात नेलं नाही तर फार वाईट होईल."

लिंबू सरबतवाली हीच होती. तिच्या हातातली टेप खाली पडली. मग तिनं एका दमात तिघींची नावं, पत्ते सगळं सांगितलं. एक साताऱ्यातच, शिक्षिका, सकाळपासून उलट्या होत होत्या आणि घरात बटाटेवड्यावर खापर फोडलं होतं. दुसरी पाहुण्यांना जेवायला वाढत होती, तिला काहीच होत नव्हतं. तिला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दोघींना त्यांच्या मैत्रिणीनंच स्वतःच्या गाडीत घालून नेलं.

तिसरी कोरेगावकडची. रविवारी पहाटेच्या एसटीनं सासरी परतलेली. फोन लावला तर सासूनं उचलला. "ती झोपलीय. पित्त झालंय. सकाळधरनं उठलीच न्हाई. कोण बोलतंय?"

मी चालकाला गाडी काढायला सांगितलं. रस्त्यावर लग्नाची एक वरात आडवी आली, भर उन्हात घोड्यावर नवरदेव. हवालदार बाई खाली उतरून, हात जोडत, लोकांना बाजूला सारत पुढे चालत गेल्या. मी हॉर्नवरचा चालकाचा हात बघत होतो आणि मनात हिशेब चालला होता. रात्री नऊला प्यायली असेल तर अठरा तास होऊन गेले.

मळ्यातलं घर होतं, तिन्ही बाजूंना ऊस. सासरे ओसरीवर बसले होते. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, पांढऱ्या मिशा. गणवेशातला माणूस बघून उठून उभे राहिले. साताऱ्यात शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीकडून मला कळलं होतं की ही घरी सत्संगाला आणि महाप्रसादाला जाते सांगून आली होती.

मी म्हणालो, "काल साताऱ्यात सत्संगाच्या जेवणातून काही जणांना विषबाधा झालीय. सूनबाईंना लगेच दवाखान्यात न्यायला हवं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "महाप्रसादातनं? आन् त्येच्यापायी इन्स्पेक्टर सोता आला?"

क्षणभरानं ते आत वळले. "ते मागनं बगू. आदी तिला गाडीत घाला."

खोलीच्या खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या. अंधारात ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू म्हणाली, "उजेड सोसत न्हाई म्हनली, म्हनून लावल्या." हवालदार बाई तिच्या कानाशी वाकल्या. "ताई, नववी ब." ती उठून बसायला गेली आणि हात हवेत फिरवायला लागली. तेव्हा आम्हाला कळलं. उजेड सोसत नव्हता असं काहीच नव्हतं. सकाळी नऊपासून तिला दिसत नव्हतं. अंधारात कुणालाच दिसत नाही, म्हणून तिनं खिडक्या लावून घेतल्या होत्या. घरच्यांनी विचारलं असतं, का दिसत नाही, काय खाल्लंस, कुठं गेली होतीस. त्या प्रश्नांच्या भीतीनं ती बाई सात तास एकटी तिथं पडून होती.

रुग्णालयात पोहोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. डॉक्टर बाई दारातच उभ्या होत्या. "नऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नऊ. आणि बारमन."

नऊपैकी आठ वाचले. सुपरवायझर दुसऱ्या दिवशी गेला. इंजिनिअरची नजर बरीचशी परत आली. कोरेगावच्या बाईंची अर्धीच आली. समोर मधोमध एक करडा डाग कायमचा राहिला, कडेचं तेवढं दिसतं. बारमनचंही जवळजवळ तसंच. मालकाला आणि कुपवाडहून कॅन पुरवणाऱ्याला अटक झाली. बारमनलाही मला आरोपी करावं लागलं, पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. आता तो गावी भावाच्या मेंढरांबरोबर असतो.

तेराव्यानंतर सुपरवायझरची बायको त्याचा मोबाइल आणि घड्याळ घ्यायला ठाण्यात आली. सांगलीहून तिचा भाऊ सोबत होता. पावतीवर सही करून झाल्यावर तिनं विचारलं, "साहेब, पोलिसांना पहिल्यांदा कधी कळलं?"

स्टेशन डायरी समोरच होती. मी म्हणालो, "आठ चाळीसला वर्दी आली. माणसं निघाली दहानंतर."

"मधी काय झालं?"

"मी मनावर घेतलं नाही. दारूची केस आहे म्हणून सोडून दिलं."

तिचा भाऊ काहीतरी बोलायला पुढे झाला. तिनं त्याला हातानं थांबवलं. "ते कधी घेत नव्हते हो," एवढंच म्हणाली. "वर्षातनं एकदा, कुणी आग्रह केला तर." मग घड्याळ रुमालात गुंडाळून ती निघून गेली. मी माझ्या दिरंगाईचा अहवाल वरिष्ठांना स्वतः लिहून दिला. चौकशी झाली, ताकीद मिळाली. ती शिक्षा हलकी होती, हे मलाही माहीत आहे.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीला सगळेच कचरत होते. एकाला काही आठवत नव्हतं, एक परगावी होता. कोरेगावच्या बाई मात्र आल्या, सासऱ्यांबरोबर. आरोपीच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "घरी काय सांगून गेला होतात?"

"सत्संगाला जाते म्हणून."

"म्हणजे खोटं बोललात. माझ्याकडे बघून उत्तर द्या. तिकडे कुठं बघता?"

"तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही दिसत नाही," बाई म्हणाल्या. "बाजूला बघितलं की थोडे दिसता." मग त्याच पुढे बोलल्या, "हो, खोटं बोलले. मैत्रिणींबरोबर गच्चीवर बसायचं होतं, वारा खायचा होता. कैरीचं ते मी पहिल्यांदाच घेतलं आणि मला आवडलं. त्यात विष आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारा."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "एवढं सगळं उघड बोलायची गरज नव्हती. आम्ही तुमच्या घरी काही कळू दिलं नव्हतं."

"माहीत आहे, साहेब. मामांना तुम्ही महाप्रसाद सांगितलात." त्या म्हणाल्या. "माझ्या भल्यासाठीच सांगितलंत. पण तेव्हा मला वाटलं, पोलीससुद्धा झाकतायत, म्हणजे मी फार वाईट केलंय. मामांना खरं सांगायला मला आणखी चार महिने लागले."

त्या दिवशी ते खोटं बोललो नसतो तर ती वेळेवर गाडीत बसली असती का, हे आजही मला सांगता येत नाही. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी माणसांच्या लपवाछपवीवर चिडत आलो. माणसं लपवतात ती कुणाला भिऊन, हे बघायला फार उशीर झाला. वर्दी आली तेव्हा 'किती वाजता घेतलं, बरोबर कोण होतं' हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं, 'किती प्यायला होता?' त्या एका प्रश्नात मी निकाल आधीच देऊन टाकला होता. गावाला हा निकाल पाठ असतो, म्हणून तर बायका डोक्याला स्कार्फ बांधून वारा खायला जातात.

सुभेदार तोवर पायऱ्यांशी जाऊन थांबले होते. "चला सूनबाई, गाडी लागलीय," म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "साहेब, पुन्हा कवा यायाचं साक्षीला? आमी येनार." त्यांनी हात पुढे केला, बाईंनी तो न शोधता धरला, आणि दोघं एकेक पायरी उतरायला लागली.